लीगचं कार्ड, कपची शिक्षा

आमच्या क्लबचं मैदान आता कंटेनर यार्ड झालंय. उरणहून बंदराकडे जाताना डाव्या हाताला, खाडीच्या कडेला, चार-चार थर रचलेले निळे-तांबडे डबे दिसतात ना, तेच. दक्षिणेकडचा गोल होता तिथे आता ट्रेलर वळवतात. मी तो रस्ता टाळते. बाजारात जायला लांबचा फेरा पडतो. पडू दे.

मी त्या क्लबची टीम मॅनेजर होते. हे ऐकलं की लोकांना वाटतं, बाई केवढ्या मोठ्या पदावर होत्या! डोंबलाचं पद. बस सांगायची, बर्फ मागवायचा, मोजे मोजायचे, कुणाचा गुडघा सुजला की त्याला डॉक्टरकडे न्यायचं, आणि सामन्याआधी संघाची यादी भरून, सही करून पंचांकडे द्यायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात सोपं, असं मला वाटायचं.

त्याआधी बत्तीस वर्षं मी उरणच्या शाळेत पीटी शिकवली. गावातल्या निम्म्या पुरुषांना मी कधी ना कधी उन्हात उभं केलेलं आहे. क्लबचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, तेही माझेच विद्यार्थी. नववीत दोनदा बसलेले. आजोबांच्या मिठागरावर पुढे त्यांनी यार्ड काढलं, ट्रेलर घेतले, पैसा आला, आणि हौस म्हणून क्लबही काढला. मी रिटायर झाले त्याच महिन्यात घरी आले आणि म्हणाले, "बाई, पोरं कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील." मला तेवढंच हवं होतं. घरी एकटीच होते, आणि ओरडायला कुणी नव्हतं.

राग माझ्या नाकावर असतो, हे मी लपवत नाही. खेळाडू तेवीस, बरेचसे देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून आलेले, पगारी, दाढ्यामिशा वाढलेले. पण सगळे मला बाईच म्हणायचे. कोच केरळचा. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही दिव्य. त्याने मला एकदाच कसलीशी सूचना केली होती. पुन्हा केली नाही.

त्या वर्षीच्या सीझनला आम्ही सगळे जाणून होतो की काय पणाला लागलंय. ऑक्टोबरात, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शेठनी सगळ्यांना मैदानावर बसवलं. मोठं भाषण नाही केलं. म्हणाले, "मला फुटबॉल फार कळत नाही, पण जागा कळते. या जागेसाठी मला रोज फोन येतात. लीगमध्ये टिकलात तर मी फोन उचलणार नाही. खाली गेलात तर उचलीन." दहा संघ, प्रत्येकाशी दोन-दोन सामने, शेवटचा एक संघ खालच्या लीगमध्ये. आदल्या वर्षी आम्ही तळापासून दुसरे होतो. म्हणजे कळलं ना काय ते.

आमचा कप्तान मुरुडचा. मधल्या फळीत खेळायचा, उंचीने बेताचा, पण चेंडू पायाशी आला की मैदानभर सगळं शांत झाल्यासारखं वाटायचं. घरचे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरचे, नंतर व्यापारात, आता मोठा भाऊ आखातात. भावाने त्याच्यासाठी गोदामात नोकरी ठरवून ठेवली होती. याने त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. मला म्हणाला होता, "बाई, एक सीझन. क्लब राहिला तर मी इथेच. नाही राहिला तर मग भाई सांगेल तसं." तो एकोणतीस वर्षांचा होता. पुढे दुसरा कुठला क्लब त्याला घेणार नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. शुक्रवारी त्याच्या नमाजासाठी मी सराव तासभर पुढे ढकलायचे आणि कोणी कुरकुर केली तर त्याला दोन फेऱ्या जास्त मारायला लावायचे. मला तो आवडायचा. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, माझा लाडका होता.

सीझन वाईटच चालला. खारं पाणी झिरपून मैदानाचं गवत पिवळं पडायचं, चेंडू भलतीकडे उडायचा. बाहेरच्या सामन्यांना निघालो की ट्रेलरच्या रांगेत बस तासन्‌तास अडकायची आणि पोरं आखडलेल्या पायांनी थेट मैदानात उतरायची. डिसेंबरपर्यंत आम्ही तळाला. मला रात्रंदिवस एकच घोर, कसं होणार या पोरांचं. आणि याच दिवसांत, देवाची काय मस्करी म्हणावी, कपमध्ये मात्र आम्ही जिंकत सुटलो. कप म्हणजे वेगळी स्पर्धा, हरला की बाहेर. लीगमध्ये आम्हाला रडवणारे संघ कपमध्ये आमच्यापुढे लोळण घ्यायचे. एक फेरी, दुसरी फेरी, आणि फेब्रुवारीत आम्ही उपांत्य फेरीत! उरणच्या बाजारात मासळीवाल्या मला हाका मारून विचारायला लागल्या, "बाय, कप आणताव ना?" मी खोटंच रागावून पुढे जायचे. आतून इतका आनंद व्हायचा की सांगता सोय नाही.

उपांत्य सामना बुधवारी होता. त्याआधीच्या रविवारी लीगचा सामना झाला आणि त्यात कप्तानाला पिवळं कार्ड मिळालं. लीगमधलं चौथं. चार पिवळी झाली की एक सामना बाहेर, हा नियम. सोमवारी लीगच्या ऑफिसचं पत्र मेलवर आलं: कप्तान एका सामन्यासाठी निलंबित. मी पत्र वाचलं, वहीत कप्तानाच्या पानावर लिहिलं, "बुधवारी बाहेर," आणि खाली रेघ मारली.

आता इथे मला माझ्या डोक्याबद्दल सांगायला हवं. शाळेत माझी एक पद्धत होती. गणिताच्या तासाला कुणी दंगा केला तरी तो पीटीच्या तासाला माझ्याकडे रांगेबाहेर उभा राहायचा. तास कुठला, विषय कुठला, याचा मी कधी विचार केला नाही. मूल चुकलं, पुढचा तास आला, मूल बाहेर उभं. बत्तीस वर्षं असंच चाललं आणि मुख्याध्यापकांनीही कधी हटकलं नाही. त्यामुळे रविवारी कार्ड आणि बुधवारी बाहेर, हे मला सूर्य उगवतो इतकं सरळ वाटलं. नियमांचं पुस्तक होतं माझ्याकडे, इंग्रजीत, जाडजूड. वाचलं होतं. सगळं नाही वाचलं.

मंगळवारी संध्याकाळी मी सामानाच्या खोलीत मोजे जोड्या लावत बसले होते. कप्तान दारात आला. खोलीत आम्ही दोघंच.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"कार्ड लीगमधलं आहे. मग शिक्षा पण लीगमध्येच भोगायची असेल ना? कपमध्ये मी चालत असेन. माझ्या आधीच्या क्लबमध्ये असंच होतं, असं वाटतं. नक्की आठवत नाही. एकदा ऑफिसला फोन करून विचारता का?"

तो अदबीनेच बोलत होता. पण मला काय झालं, कोण जाणे. उद्याचा सामना, आधीच जीव टांगणीला, त्यात माझ्या हातात बेचाळीसच्या जागी एकेचाळीस मोजे, आणि हा मला नियम सांगतोय! मी त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "तुला उद्या खेळायचंय म्हणून नियम बदलायचे का? तू चेंडू बघ, कागद मी बघते. मला शिकवू नकोस."

"बरं बाई," म्हणाला आणि गेला. त्याने पुन्हा विचारलं नाही. मला पुन्हा कुणी काही विचारत नसे, याचा मला तेव्हा अभिमान होता. कोचलाही मी जाऊन सांगितलं, कप्तान उद्या नाही, पण रविवारी मिळेल. त्याने मान हलवली आणि फळ्यावरचं नाव पुसलं.

बुधवारी नवी मुंबईत सामना झाला. कप्तान साध्या कपड्यांत माझ्या शेजारी बसला होता. आमची पोरं जीव तोडून खेळली. एक गोल आमच्यावर झाला, विनाकारण झाला. शेवटच्या पाच मिनिटांत आम्हाला फ्री किक मिळाली, अगदी बॉक्सच्या टोकाला, कप्तान डोळे मिटून मारतो त्या जागेवर. दुसऱ्या पोराने मारली. चेंडू गोलच्या वरून, जाळीच्याही पलीकडे गेला. कप्तानाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या वेळी कार्ड खाऊ नकोस म्हणजे झालं." हो, असं म्हणाले मी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कप गेला. पण रविवार होता. रविवारी घरच्या मैदानावर लीगचा सामना, आणि तोही आमच्या जेमतेम वर असलेल्या संघाशी. जिंकलो तर तळातून बाहेर. ट्रेलरचे ड्रायव्हर, यार्डातले क्लार्क, मोरा बंदरावरचे कोळी, सगळे कडेने उभे. मी यादीवर कप्तानाचं नाव पहिलं लिहिलं, चांगल्या अक्षरात, आणि सही केली. पंचांनी यादी घेतली, खिशात घातली. कोणी अडवलं नाही. कोणाला बाहेर ठेवायचं हे क्लबनेच बघायचं असतं. म्हणजे मी.

दोन-एकने जिंकलो. दुसरा गोल कप्तानाचा, बावीस पावलांवरून, काय मारला होता म्हणून सांगू! आमचा गोलकीपर, माझ्याच शाळेतला, उंच आणि तोंडाळ, अख्खं मैदान धावत गेला आणि कप्तानाला उचलून घेतलं. शेठ कुंपणावर चढले होते. सामना संपल्यावर कप्तान माझ्याकडे आला, घामाने निथळत, आणि म्हणाला, "बाई, आता भाईला फोन करून सांगतो, नको म्हणून." मी म्हटलं, "लगेच कर." माझे डोळे भरून आले होते आणि मी त्याला ते दिसू दिले.

बुधवारी मेल आला. विरुद्ध संघाने तक्रार केली होती. निलंबित खेळाडू खेळवला म्हणून सामना काढून घेतला. तिन्ही गुण त्यांना. मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. मग ऑफिसला फोन लावला आणि ओरडले, अहो, गेल्या बुधवारी बसवला होता त्याला बाहेर! पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने शांतपणे सांगितलं, "मॅडम, तो कप होता. लीगचं कार्ड लीगमध्येच मोजतात. कपमध्ये ते खेळू शकत होते." मग म्हणाली, "एक फोन केला असतात तर आम्ही सांगितलं असतं." माझ्याच सह्यांनी कपही गेला होता आणि लीगचे गुणही. जिथे तो खेळायला हवा होता तिथे मी त्याला बसवलं, आणि जिथे बसायला हवा होता तिथे खेळवलं. वेडं माणूससुद्धा इतकं नेमकं चुकत नाही.

दुपारी शेठ थेट यार्डातून ड्रेसिंग रूममध्ये आले. कोच, सगळी पोरं, मी. बाहेर ट्रेलरचे हॉर्न चालू. शेठनी मेलचा कागद हातात धरला होता. माझ्यावर आवाज चढवायची त्यांची हिंमत नव्हती, तेव्हाही नाही. खाली बघूनच म्हणाले, "बाई, हे कसं झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तेवीस तोंडं. बत्तीस वर्षं मी अशा तोंडांसमोर उभी होते आणि मी कधी चुकले नव्हते, म्हणजे चुकले असं कुणी म्हणालं नव्हतं. मी म्हणाले, "मला तसंच सांगण्यात आलं होतं."

"कोणी सांगितलं?"

नाव कुठून आणू? शेठनी पुन्हा विचारलं, "कोणी सांगितलं, बाई?"

"मी सांगितलं," मागून कप्तान म्हणाला. "मी बाईंना म्हटलं होतं, कपमध्ये बाहेर बसलो की झालं. मागच्या क्लबमध्ये तसंच असायचं. माझी चूक आहे, शेठ."

मी तोंड उघडलं होतं. शब्द सुचला नाही म्हणाले तर ते खोटं होईल. सुचला होता, ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला. गोलकीपरने हातातला ग्लव्ह भिंतीवर फेकून मारला आणि म्हणाला, "एवढा शहाणा झालास तू? बाईंना शिकवायला गेलास?" मी तेव्हाही गप्प बसले. शेठ निघून गेले. कोचने पोरांना मैदानावर काढलं. कप्तान माझ्या समोरून गेला आणि त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे मला नजर चुकवायचा त्रास होऊ नये म्हणून.

पुढे तीन सामने उरले होते. मी रोज ठरवायचे, आज सांगते. सामन्याआधी सांगितलं तर पोरांचं लक्ष उडेल, म्हणून सामन्यानंतर. सामना हरलो की, आज नको, आज आधीच सगळे खचलेत. निमित्तं काय, रांगेने मिळतात. आणि मैदानावर काय चाललंय ते मी बघत होते. पोरं कप्तानाला पास देईनाशी झाली. तो हात वर करून मोकळा उभा असायचा आणि चेंडू दुसरीकडे जायचा. दुसऱ्या सामन्यात कोचने त्याला अर्ध्यातच बाहेर काढलं, तेव्हा कडेच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. याच लोकांनी महिन्यापूर्वी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

बाजारात मासळीवाली म्हणाली, "बाय, त्या मुरुडच्या पोरान घालवला ना तुमचा किलब? तरी म्हनलं, त्या लोकांचा इसवास कशाला धरायचा." मी पापलेटं घेत होते. आम्ही छप्पन्न सालच्या धर्मांतरातल्या घरातले. वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय, गावात काही हरवलं की आधी कुणाच्या वस्तीकडे बघायचे ते. 'त्या लोकांचा' या शब्दाचा अर्थ मला कुणी समजावून द्यायला नको होता. मी म्हणाले, "दोनच द्या, मोठी नकोत." आणि पिशवी घेऊन घरी आले. ती पापलेटं मी खाऊ शकले नाही, मांजराला घातली.

शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही दोन गुणांनी तळाला राहिलो. दोन! त्या रविवारचे तीन आमचे असते तर आज तिथे डबे नसते. शेठचा निरोप आला, गुरुवारी सगळ्यांनी येऊन सामान जमा करावं. त्यांनी फोन उचलला होता.

मंगळवारी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले. कप्तान पेणच्या गाडीची वाट बघत होता. घरी जाऊन पासपोर्ट आणि कागद घेऊन यायचं होतं त्याला. मला बघून तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, बस. मग मीच त्याच्या शेजारी बसले.

"का केलंस असं?" मी विचारलं.

तो थोडा वेळ बॅगेची चेन उघडझाप करत बसला. "बाई, क्लब गेला की मी जाणारच होतो. तुम्हाला इथे राहायचंय. रोज बाजारात जायचंय, लोकांना तोंड दाखवायचंय. म्हटलं, माझ्या नावावर असू दे."

मला रडू फुटलं. स्टँडवर, सगळ्यांसमोर. त्याने मला पाण्याची बाटली दिली. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू का बाई? मी बोललो ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही लगेच ओरडाल. 'गप बस, मी चुकले,' असं. दुसऱ्याला गप बसवायला तुम्हाला कधी वेळ लागत नाही. म्हणून मी बोलून थांबलो. तुम्ही काही बोललाच नाहीत."

तो चिडून बोलला असता तर मी सोसलं असतं. तो चिडला नव्हता, त्याला नुसतं आश्चर्य वाटलं होतं. मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "गुरुवारी सांगते. सगळ्यांसमोर सांगते, शपथ घेऊन सांगते."

"तुमची मर्जी, बाई," तो म्हणाला. गाडी लागली. खिडकीतून त्याने हात केला.

दोन दिवस मी घरात उभी राहून वाक्यं म्हणून पाहिली. मुलांनो, चूक कप्तानाची नाही, माझी आहे. त्याने मला फोन करायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. एवढी दोनच वाक्यं. दहावीच्या पोरालाही पाठ होतील. गुरुवारी मी वेळेआधी जाऊन सामानाच्या टेबलामागे बसले. पोरं एकेक करून आली. जर्सी ठेवायची, सही करायची, आणि वाकून माझ्या पाया पडायची. केरळचा कोचसुद्धा वाकला. गोलकीपर तर रडायला लागला. म्हणाला, "बाई, तुम्ही होतात म्हणून आम्ही माणसांत राहिलो." मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला.

मग मी उठले. "मुलांनो, एक सांगायचंय," मी म्हणाले. सगळे एकदम सरळ उभे राहिले, शाळेतल्यासारखे, हात मागे. कप्तान दाराशी एकटाच उभा होता, घडी केलेली जर्सी हातात घेऊन. त्याच्या आजूबाजूला दोन हात जागा मोकळी होती. तो माझ्याकडे बघत होता. मी त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. मला अजून बाई म्हणणारी ही शेवटची तोंडं, हेच माझ्या मनात आलं. किती हलकट मन असतं माणसाचं.

"बूट ज्याचे त्याने घेऊन जा," मी म्हणाले. "जमा करायचे नाहीत."

कप्तान टेबलाशी आला. जर्सी ठेवली, सही केली. त्यांच्यात माणसापुढे वाकत नाहीत. त्याने कपाळाशी हात नेऊन सलाम केला, पहिल्या दिवशी केला होता तसाच. गोलकीपर मागून म्हणाला, "एवढं सगळं करून, आज तरी बाईंच्या पाया पडायला हवं होतंस."

दोघं-तिघं हो म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता बाई काय म्हणतात म्हणून.

मी म्हणाले, "जाऊ दे रे. मी काही मनात ठेवलेलं नाही. माफ केलं मी त्याला."

"शुक्रिया, बाई," कप्तान म्हणाला, आणि बॅग उचलून बाहेर पडला.